उबेचे मोजमाप करणारा काउंट रम्फर्ड

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात किंवा कॅनडाच्या विनिपेगसारख्या शहरात जानेवारी महिन्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा प्रदेशात मोटार ठेवण्याचे गॅरेज उबदार ठेवणे ही बऱ्याच कुटुंबांची गरज असते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न भेडसावतो. गॅरेजचा दरवाजा, भिंतीत भरायचे काचतंतूंचे थर किंवा फोमच्या पाट्या घ्यायला दुकानात गेले, की प्रत्येक वस्तूवर एक आकडा छापलेला दिसतो. आर-१३, आर-१९ किंवा आर-३८. हा आकडा जितका मोठा, तितका तो पदार्थ उष्णतेला जास्त अडवतो, एवढे विक्रेता सांगतो. परंतु उष्णता अडविण्याची पदार्थांची क्षमता मोजता येते आणि ती मोजून त्यांची क्रमवारी लावता येते, हा विचार दोनशे वर्षांहून जुना आहे. तो प्रत्यक्षात आणणाऱ्यांत अग्रभागी होता तो अमेरिकेतील एका लहान गावात जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. पुढे तो इंग्लंडमध्ये सर आणि बव्हेरियात काउंट झाला. त्याचे नाव बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रम्फर्ड.

वोबर्न ते काँकर्ड

बेंजामिन थॉम्पसनचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावी झाला. तो अवघ्या दीड-दोन वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने पुढे दुसरा विवाह केला. मुलाला शाळेपेक्षा यंत्रांची, गणिताची आणि प्रयोगांची ओढ अधिक होती. तेराव्या वर्षी त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. ब्रिटिश सरकारने १७६६ मध्ये मुद्रांक कायदा मागे घेतला, तेव्हा वसाहतींत आनंदोत्सव साजरे झाले. त्या उत्सवासाठी आतषबाजीची दारू तयार करताना स्फोट झाला आणि हा मुलगा गंभीर भाजला. पुढे आयुष्यभर उष्णता आणि बंदुकीची दारू हेच त्याच्या अभ्यासाचे विषय ठरले, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

औपचारिक उच्च शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. मित्र लोआमी बाल्डविन याच्यासह तो पायी केंब्रिजला जाऊन हार्वर्डमधील प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यांची भौतिकशास्त्रावरील व्याख्याने ऐकत असे. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड येथे शिक्षकाची नोकरी मिळाली. या गावाचे पूर्वीचे नाव रम्फर्ड. तेथे एका श्रीमंत आणि वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या विधवेशी, सारा रोल्फ यांच्याशी, त्याचा विवाह झाला. या विवाहाने एकोणीस वर्षांच्या गरीब शिक्षकाला एकाएकी प्रतिष्ठितांच्या पंगतीत नेऊन बसविले. गव्हर्नर वेंटवर्थ यांनी त्याला मिलिशियात थेट मेजर केले. साहजिकच वर्षानुवर्षे चाकरी केलेले अधिकारी नाराज झाले.

देश सोडला, घर सुटले

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे वारे वाहू लागले, तेव्हा थॉम्पसन यांनी ब्रिटिश राजसत्तेची बाजू घेतली. १७७४ च्या अखेरीस संतप्त जमाव घरावर चालून येण्याची चिन्हे दिसताच त्यांनी काँकर्ड सोडले. त्या वेळी त्यांची मुलगी सारा अवघ्या दोन-तीन महिन्यांची होती. मे १७७५ मध्ये त्यांनी अदृश्य शाईने लिहिलेले एक पत्र ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांकडे पोहोचविले होते. वसाहतवाद्यांच्या सैन्याची माहिती त्यात होती. ते हेरगिरी करीत होते, हे या पत्रामुळे विसाव्या शतकातील संशोधकांनी निःसंशय सिद्ध केले. १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बोस्टन सोडले, त्या सुमारास थॉम्पसन लंडनला गेले. त्यानंतर पत्नीची त्यांना पुन्हा कधीच भेट झाली नाही. १७९२ मध्ये ती वारली.

लंडनमध्ये वसाहत खात्याचे मंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन यांच्या मर्जीत ते झपाट्याने शिरले आणि १७८० मध्ये त्याच खात्यात उपसचिव झाले. बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळे १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ते पुन्हा अमेरिकेत उतरले. मात्र या वेळी ते ब्रिटिश घोडदळाच्या तुकडीचे प्रमुख म्हणून आले होते. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे त्यांनी गावाच्या दफनभूमीवरच किल्ला उभारला. थडग्यांच्या शिळा भट्ट्यांच्या तळाला बसविल्या आणि त्यावर भाजलेल्या पावांवर मृतांची नावे उलटी उमटत, असे तेथे आजही सांगितले जाते. आपल्याच जन्मभूमीतील माणसांशी ते किती कठोरपणे वागू शकत, याचे हे उदाहरण आहे.

म्युनिकमधील चौदा वर्षे

युद्ध संपल्यानंतर थॉम्पसन यांनी युरोपात नशीब आजमावले. बव्हेरियाचा सत्ताधीश इलेक्टर कार्ल थिओडोर याच्यावर त्यांची छाप पडली. राजा तिसरा जॉर्ज याने १७८४ मध्ये त्यांना सर ही पदवी देऊन बव्हेरियाच्या सेवेत जाण्याची अनुमती दिली. म्युनिकमध्ये त्यांच्या हाती हळूहळू सैन्य, पोलीस आणि समाजकल्याण या तिन्ही खात्यांची सूत्रे आली.

बव्हेरियाच्या सैन्याची अवस्था दयनीय होती. सैनिकांना अपुरा पगार, निकृष्ट अन्न आणि त्याहून निकृष्ट कपडे मिळत. राजधानीत भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. थॉम्पसन यांनी या दोन्ही प्रश्नांची सांगड घातली. १ जानेवारी १७९० रोजी सैनिकी अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्या साह्याने त्यांनी म्युनिकमधील भिकाऱ्यांना ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. एका आठवड्यात २,६०० जणांची नोंद झाली. या लोकांना तुरुंगात न डांबता, स्वच्छ आणि उबदार उद्योगगृहात काम, मजुरी आणि गरम जेवण देण्यात आले. त्यांनी सूत कातायचे, कापड विणायचे आणि सैन्याचे गणवेश शिवायचे, अशी ही योजना होती.

उद्योगगृहाचा खर्च आवाक्यात ठेवायचा, तर जेवण स्वस्त आणि पोटभर हवे. त्यासाठी बार्ली, वाटाणे, बटाटे आणि शिर्का यांपासून बनविलेले रम्फर्ड सूप पुढे युरोपभर अन्नछत्रांत शिजू लागले. जेवण शिजविण्यास लाकूड कमी लागावे म्हणून त्यांनी बंदिस्त चुली तयार केल्या. प्रकाश स्वस्तात मिळावा म्हणून दिव्यांची तीव्रता मोजण्याचे उपकरण बनविले. शहराबाहेरील राजाच्या शिकारीच्या रानात १७८९ मध्ये सार्वजनिक उद्यान आखण्याचा प्रस्तावही त्यांचाच. म्युनिकचा तो प्रसिद्ध इंग्लिश गार्डन आजही नागरिकांनी फुललेला असतो. या कामगिरीबद्दल त्यांना पवित्र रोमन साम्राज्याचे काउंट करण्यात आले. पदवीसाठी त्यांनी निवडलेले नाव मात्र अर्थपूर्ण होते. ज्या गावातून त्यांना पळून जावे लागले होते, त्या काँकर्डचे जुने नाव त्यांनी घेतले. ते काउंट रम्फर्ड झाले.

कोणते कापड अधिक उबदार?

सैनिकांचे गणवेश शिवताना एक साधा प्रश्न उभा राहिला. कोणते कापड अधिक उबदार? लोकर उबदार असते आणि तागाचे कापड थंड, हे साऱ्यांनाच ठाऊक होते. पण किती उबदार, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नव्हते. रम्फर्ड यांनी त्यासाठी एक उपकरण तयार केले. काचेच्या पोकळ गोळ्याच्या मध्यभागी तापमापकाचा फुगा बसविला आणि दोहोंमधील जागेत तपासायचा पदार्थ भरला. प्रत्येक वेळी पदार्थाचे वजन सारखेच, १६ ग्रेन म्हणजे सुमारे १ ग्रॅम ठेवले. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवून नंतर बर्फात ठेवायचे आणि तापमान रेओम्यूर मापनपद्धतीच्या ७० अंशांवरून १० अंशांवर, म्हणजे सेल्सियसच्या ८७.५ वरून १२.५ अंशांवर, येण्यास किती सेकंद लागतात ते मोजायचे. जितका वेळ जास्त, तितका तो पदार्थ उष्णतेला अधिक अडवतो.

निष्कर्ष उद्बोधक होते. गोळ्यात नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापूस भरला तेव्हा १,०४६, मेंढीची लोकर भरली तेव्हा १,११८, कच्चे रेशीम भरले तेव्हा १,२८४ सेकंद लागले. बीव्हर या प्राण्याच्या केसांनी १,२९६, आयडर बदकाच्या मऊ पिसांनी १,३०५ आणि सशाच्या केसांनी १,३१५ सेकंद उष्णता रोखून धरली. लाकडाच्या राखेलाही ९२७ सेकंद लागले. चुलीतले निखारे रात्री राखेखाली झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. तिचे कारण या आकड्यात दिसते.

या तक्त्यातील सर्वात महत्त्वाची नोंद मात्र वेगळीच होती. त्याच वजनाच्या कच्च्या रेशमाऐवजी पीळ दिलेला शिवणाचा रेशमी दोरा भरला, तेव्हा वेळ १,२८४ वरून ९१७ सेकंदांवर घसरला. पदार्थ तोच होता आणि वजनही तेच होते. बदल झाला होता तो केवळ धाग्यांच्या रचनेत. मग ऊब रेशमात नव्हती, तर मोकळ्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या हवेत होती, असा निष्कर्ष रम्फर्ड यांनी काढला. तंतू हवेला हलू देत नाहीत आणि स्थिर हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. कापूस दबून घट्ट झालेली गादी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली, की ती पूर्ववत उबदार होते. त्यामागील रहस्यही हेच आहे. या संशोधनासाठी १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले.

मद्यार्काच्या एका मोठ्या तापमापकात तरंगणारे धूलिकण पाहताना त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. गरम झालेले द्रव वर जाते, थंड झालेले खाली येते आणि या प्रवाहांबरोबर उष्णताही वाहते. यालाच पुढे अभिसरण म्हटले गेले. त्यांचा एक निष्कर्ष मात्र चुकला. द्रव आणि वायू स्वतः उष्णतेचे वहन मुळीच करीत नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. प्रत्यक्षात स्थिर हवाही उष्णता वाहून नेते, फक्त अत्यंत मंदपणे. वहनाचा गणिती नियम मांडण्याचे काम फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. रम्फर्ड तोपर्यंत हयात नव्हते.

धुराडी आणि तोफा

१७९५ मध्ये ते रजेवर लंडनला आले. तेथील घरांतील शेकोट्या धूर खोलीत सोडत आणि ऊब धुराड्यातून आकाशात. रम्फर्ड यांनी शेकोटी उथळ केली, तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती तिरक्या बसविल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. तिरक्या भिंतींमुळे आगीची धग खोलीत परावर्तित होऊ लागली आणि अरुंद गळ्यामुळे खोलीतील उबदार हवा विनाकारण वर ओढली जाणे थांबले. लंडनच्या श्रीमंतांची घरे त्यांनी धूरमुक्त केली. या रचनेचे स्वामित्व हक्क त्यांनी घेतले नाहीत. ती सर्वांना खुली ठेवली. या पद्धतीच्या शेकोट्या अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आजही बांधल्या जातात.

त्याच वर्षांत त्यांनी उष्णतेच्या मूळ स्वरूपालाच हात घातला. उष्णता हा कॅलॉरिक नावाचा अदृश्य, वजनरहित पदार्थ आहे, असे त्या काळी मानले जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए यांनी आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत त्याला स्थान दिले होते. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू किती तापतो, हे रम्फर्ड पाहत होते. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार वापरून, घोड्यांच्या बळावर पितळेचा दंडगोल फिरविला आणि तो पाण्याच्या पेटीत ठेवला. सुमारे अडीच तासांनी, आगीवाचून, ते पाणी उकळू लागले. घोडे फिरत राहतील तोपर्यंत उष्णता निघतच राहिली. जी गोष्ट अशी अमर्याद निघते, ती पदार्थ असू शकत नाही. ती गतीचेच एक रूप असली पाहिजे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा निबंध २५ जानेवारी १७९८ रोजी रॉयल सोसायटीत वाचला गेला. उष्णतागतिकीच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे.

१७९८ मध्ये इलेक्टरने त्यांना लंडनमधील आपला राजदूत नेमले. परंतु स्वतःचाच प्रजाजन परक्या दरबाराचा दूत म्हणून स्वीकारण्यास तिसऱ्या जॉर्ज राजाने नकार दिला. हा अपमान गिळून रम्फर्ड यांनी दुसरे काम हाती घेतले. जोसेफ बँक्स आदींच्या सहकार्याने १७९९ मध्ये त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. विज्ञान कारागिरांपर्यंत आणि सामान्य घरांपर्यंत पोहोचावे, हा तिचा हेतू होता. १८०१ मध्ये हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाची त्यांनी तेथे नेमणूक केली. पुढे मायकेल फॅरेडे याच संस्थेत घडले. निर्वात पोकळीतून उष्णता आणखी सावकाश जाते, हे रम्फर्ड यांनी प्रयोगाने दाखविले होते. जेम्स डेवार यांनी १८९२ मध्ये निर्वात भांडे, म्हणजेच आजच्या थर्मासचे मूळ रूप, तयार केले ते याच संस्थेत.

पॅरिसमधील गारठा

सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने १८०२ मध्ये रम्फर्ड यांनी लंडन सोडले. पॅरिसमध्ये त्यांची भेट मारी-ॲन लॅव्हाझिए यांच्याशी झाली. त्या लॅव्हाझिए यांच्या विधवा. पतीच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा होता आणि १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत पतीचा शिरच्छेद झालेला त्यांनी सोसला होता. ज्यांच्या कॅलॉरिकला रम्फर्ड यांनी धक्का दिला, त्यांच्याच पत्नीशी २४ ऑक्टोबर १८०५ रोजी त्यांचा विवाह झाला.

हा संसार चार वर्षेही धड चालला नाही. तिला मेजवान्या आणि पाहुण्यांची वर्दळ प्रिय होती. याला प्रयोगशाळेतील शांतता हवी होती. एकदा बोलावलेल्या पाहुण्यांना आत येता येऊ नये म्हणून काउंटने फाटकाला कुलूप लावून किल्ली काढून घेतली. तेव्हा काउंटेसने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. ही हकिकत त्यांनी स्वतःच मुलीला पत्राने कळविली होती. जून १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले.

रम्फर्ड पॅरिसजवळील ओतय येथे राहू लागले. काळा पृष्ठभाग उष्णता अधिक वेगाने बाहेर टाकतो, हे त्यांनी चकचकीत आणि काजळी लावलेल्या धातूच्या भांड्यांवर प्रयोग करून पाहिले होते. त्यावरून हिवाळ्यात पांढरे कपडे अधिक उबदार, असा निष्कर्ष काढून ते ऐन थंडीत पांढऱ्याशुभ्र पोशाखात फिरत. पॅरिसच्या रस्त्यांवर लोक वळून वळून पाहत. त्यांनी त्याची पर्वा केली नाही. २१ ऑगस्ट १८१४ रोजी ओतय येथेच त्यांचे निधन झाले. मालमत्तेतील मोठा वाटा त्यांनी हार्वर्डला दिला. ज्या विद्यापीठाचे ते कधीच विद्यार्थी नव्हते, तेथे त्यांच्या नावाचे अध्यासन निर्माण झाले. मुलगी सारा हिला त्यांनी १७९६ मध्ये लंडनला बोलावून घेतले, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. बापलेकीचे संबंध कधी जवळिकीचे, कधी तुटलेले राहिले. तीही काउंटेस म्हणवली गेली आणि १८५२ मध्ये काँकर्ड येथे वारली.

सेकंदांपासून आर-मूल्यापर्यंत

रम्फर्ड यांनी सेकंदांत मोजलेल्या गुणधर्माला आज आर-मूल्य म्हणतात. उष्णतेच्या प्रवाहाला पदार्थाने केलेला रोध, असा त्याचा अर्थ. ही संज्ञा १९४० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. तेलसंकटानंतर उष्णतारोधक साहित्याचा बाजार वाढला आणि अवास्तव दावेही वाढले. तेव्हा १९७९ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने नियम करून प्रमाणित चाचणीतून मिळालेले आर-मूल्य वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. काचतंतूंच्या थराचे मूल्य दर इंचाला साधारण ३ ते ४, पॉलिस्टायरिन फोमचे ४ ते ५ आणि पॉलियुरेथेन फोमचे ६ च्या आसपास असते. याउलट आठ इंच जाडीच्या भरीव काँक्रीटचे मूल्य जेमतेम १ भरते. म्हणूनच नुसती जाड भिंत थंडी अडवीत नाही.

हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. उष्णतेचा ऱ्हास आर-मूल्याच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, दोन मोटारींच्या गॅरेजचा दरवाजा १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे, आत १० अंश सेल्सियस तापमान हवे आहे आणि बाहेर उणे १८ अंश आहे. दरवाजा साध्या पत्र्याचा, म्हणजे सुमारे आर-१ असेल, तर त्यातून सुमारे १,६४० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. तोच दरवाजा आर-१० चा असेल तर ही गळती १६४ वॅटवर येते. आर-२० केल्यास ८२ वॅट. पहिल्या पायरीने सुमारे १,४७५ वॅट वाचले, दुसऱ्या पायरीने केवळ ८२. जाडी वाढविण्यातला लाभ असा झपाट्याने घटत जातो. उष्णता अडविणारा पदार्थ दुप्पट, चौपट भरला म्हणून वेळ त्या पटीत वाढत नाही, हे रम्फर्ड यांच्याही निदर्शनास आले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे छापलेले मूल्य आणि प्रत्यक्ष मूल्य यांतील अंतर. गॅरेजच्या दरवाजाचा आकडा बहुधा पट्टीच्या मध्यभागी मोजलेला असतो. सांधे, चौकट आणि काचा धरल्या तर संपूर्ण दरवाजाचे मूल्य त्याहून बरेच कमी भरते. भिंतीतील लाकडी उभ्या खांबांचे मूल्य दर इंचाला सव्वाच्या आसपास असल्याने त्यांच्यातून उष्णता वाट काढते. सव्वासहा इंचांचा आर-१९ चा थर साडेपाच इंचांच्या पोकळीत दाबून बसविला, तर तो आर-१८ इतकाच उरतो. तंतू दाबले की अडकलेली हवा कमी होते आणि रेशमी दोऱ्याचे जे झाले तेच येथे होते. चाचणीतील सरासरी तापमान सुमारे २४ अंश सेल्सियस असते. पॉलिआयसोसायन्युरेटसारखे काही फोम कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी रोध करतात, याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

फटींचे गणित आर-मूल्यात येतच नाही. दरवाजाच्या तळाची रबरी पट्टी झिजलेली असेल, तर आर-१८ चा दरवाजाही वाहत्या हवेपुढे हतबल ठरतो. शेकोटीचा रुंद गळा खोलीतील ऊब वर ओढून नेत असे, त्यातलाच हा प्रकार. म्हणून जाणकार आधी फटी बुजविण्याचा, मग छत, भिंती आणि दरवाजा, असा क्रम सुचवितात. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये घर आणि गॅरेज यांमधील भिंत हवाबंद करणे तर सुरक्षिततेसाठीही अनिवार्य आहे, कारण मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड याच वाटेने घरात शिरतो. भिंतीवर लावलेला फोम उघडा ठेवणेही धोक्याचे असते. आगीपासून संरक्षणासाठी त्यावर जिप्समच्या पाट्या बसवाव्या लागतात.

रम्फर्ड यांच्या चारित्र्याबद्दल इतिहासकारांचे मत फारसे अनुकूल नाही. महत्त्वाकांक्षा, गर्व आणि जवळच्या माणसांविषयीची बेफिकिरी हे त्यांचे दोष लपत नाहीत. तरीही गरिबाचे सरपण, सैनिकाचा अंगरखा आणि सामान्याची चूल हे विषय त्यांनी विज्ञानाच्या प्रतिष्ठेला कमी मानले नाहीत. म्युनिकमध्ये त्यांचा पुतळा आहे आणि त्याची प्रतिकृती जन्मगावी वोबर्नमध्ये उभी आहे. त्या पुतळ्याच्या आसपासच्या वस्तीत हिवाळ्यात जी गॅरेजे उबदार राहतात, त्यांच्या भिंतींत आजही तंतू भरलेले असतात, आणि त्या तंतूंमध्ये अडकलेली असते ती हवाच.